टर्नटेबल निवडताना डोळ्यांनी दिलेला कौल

नवे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचे यंत्र, घ्यायचे ठरले तेव्हा मी वहीत निकष लिहून काढले होते: गतीची स्थिरता, बेअरिंगची बनावट, टोनआर्म (सुई धरणारा दांडा), पुढे कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदलण्याची सोय. दिसण्याचा रकाना त्यात नव्हता. निर्णय मात्र दिसण्यावरूनच झाला, आणि तो योग्य झाला असे मी आजही मानतो. एलपी रेकॉर्डची एक बाजू वीसेक मिनिटे चालते, तेवढा वेळ हे यंत्र आपल्यासमोर उघड्यावर काम करत असते आणि सुई उचलायला आपल्यालाच उठून त्याच्याजवळ जावे लागते; ज्याच्याशी असा हाताचा आणि डोळ्यांचा संबंध रोज येतो, ते नजरेला रुचलेच पाहिजे.

शिवाय या यंत्रांत रूप हे बहुधा विचारातूनच आलेले असते. रेगाची टर्नटेबले सडपातळ आणि हलकी दिसतात, कारण जड सांगाडा कंपने साठवून ठेवतो असे त्या कंपनीचे मत आहे. मिशेल कंपनीच्या गायरोडेकमध्ये याच्या उलट, पितळी वजने प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या चकतीच्या, कडेखाली टांगलेली असतात. वजन केंद्रापासून दूर गेल्यामुळे प्लॅटरचे जडत्व वाढते आणि गती एकसारखी राहण्यास मदत होते. याकब येन्सन यांनी बँग अँड ओलुफसन कंपनीसाठी आखलेल्या 1972 च्या बिओग्राम 4000 मध्ये आर्म कमानीत न वळता सरळ रेषेत आत सरकतो, आणि त्या चपट्या यंत्राची सारी शोभा त्या सरळ चालीत आहे. नुसता क्रोमचा झगमगाट आणि जाडजूड खांब पाहून मात्र मी दोन पावले मागे सरतो.

माझे आधीचे टर्नटेबलही मी रूपावर भाळूनच घेतले होते. त्याला अक्रोडाचे सुंदर व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, होते. पण फोंड्यातल्या आमच्या घरात पहिल्याच आषाढात त्याच्या कडांवर पांढरी बुरशी धरली, आणि श्रावणात डावा कोपरा नखाएवढा उचलला गेला. विक्रेत्याने हवामानाचा दोष म्हणून हात वर केले. लाकूड पाहताना मी आमच्या पावसाकडे पाहिले नव्हते, ही चूक माझीच होती.

म्हणून या वेळी गायरोडेकचे ॲक्रिलिक आणि धातू मनात भरले. अडचण एकच होती. मडगावच्या स्नेह्यांकडे ते पाहून परतताना बाबा म्हणाले, "अरे, बघत बसावंसं वाटतं खरं, पण आपल्या माडीच्या फळ्यांवरून मी चाललो की सुई उडायची नाही का?" शंका रास्त होती, कारण ते स्प्रिंगांवर तोललेले असते आणि हलत्या जमिनीवर असे यंत्र डोलू लागते. शेवटी चिऱ्याच्या जाड भिंतीत लोखंडी कंस ठोकून त्यावर फळी बसवली, आणि यंत्राचा जमिनीशी संबंधच तोडला.

परवा त्यावर केरीच्या केसरबाईंची एलपी लावली होती. खिडकीतून तिरपे ऊन आले की फिरणारी पितळी वजने एकामागून एक उजळतात आणि विझतात. बाबा खुर्ची भिंतीजवळ ओढून बसले होते. बाजू संपल्यावरही ते उठले नाहीत, प्लॅटर थांबेपर्यंत पाहत राहिले.