व्हिसा लागल्यानंतर वाचायचे कागद

"व्हिसा लागला!" असा मेसेज आला की सोबत पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो येतोच. मी अभिनंदन करते आणि लगेच दोन गोष्टी सांगते. एक, हा फोटो स्टेटसवर टाकला असशील तर आधी काढ, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख दोन्ही दिसतायत. दोन, त्या स्टिकरवर काय लिहिलंय ते जरा मोठ्याने वाच. इथे बहुतेक जण अडखळतात.

मी एजंट नाही, वकील तर नाहीच. स्वतः बाहेर शिकून आले, मग नात्यातल्या-ओळखीतल्या मुलांचे कागद बघू लागले, आणि आता हे काम कायमचं गळ्यात पडलंय. व्हिसा मिळेपर्यंत मुलं डोळ्यांत तेल घालून असतात आणि मिळाल्यावर एकदम निर्धास्त होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. बऱ्याच देशांत व्हिसा तुम्हाला फक्त दारापर्यंत नेतो. आत घ्यायचं का, किती दिवसांसाठी आणि कुठल्या अटींवर, हे तिथल्या काउंटरवर ठरतं.

कॅनडाचंच घ्या. पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा म्हणजे स्टडी परमिट, म्हणजे तिथे राहून शिकायचा परवाना, नव्हे. अर्ज मंजूर झाल्याचं एक पत्र येतं, ते उतरल्यावर दाखवायचं आणि मग तिथला अधिकारी परमिट छापून देतो. लांबच्या प्रवासाने पेंगुळलेली काही मुलं थेट बॅगा घ्यायला पळतात आणि परमिट न घेताच बाहेर पडतात. नंतर ते निस्तरताना नाकी नऊ येतात. भाची निघाली तेव्हा मी तिला बजावलं होतं, "कागद हातात आला की तिथेच उभं राहून वाच. मागची रांग खोळंबली तर खोळंबू दे." तिने वाचलं. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पण मुदत कोर्स संपायच्या आधीच संपत होती. तिने विचारलं तेव्हा अधिकाऱ्याने काही न बोलता तिच्या पासपोर्टाचं पान उघडून बोट ठेवलं. पासपोर्टच त्या तारखेला संपत होता, आणि परमिट त्याच्या पुढचं देत नाहीत. रात्री फोनवर म्हणाली, "मावशी, हे आधी कुणी बोललंच नाही गं!" म्हणून आता मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारते तो पासपोर्टाच्या शेवटच्या तारखेचा. कोर्स संपायच्या आत तो संपत असेल तर अर्जाच्या आधीच नवा करून घ्या. परमिटवर काम करायची परवानगी छापलीय का, तेही काउंटर सोडण्यापूर्वी बघा. कॉलेजबाहेर सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास काम करता येतं, पण परवानगीची ती ओळच नसेल तर पुढे सोशल इन्शुरन्स नंबर, म्हणजे तिथे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, काढताना अडतं.

अमेरिकेत तारखांचा घोळ उलट दिशेने होतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची तारीख ही दारात शिरण्यासाठीची असते, राहण्यासाठीची नव्हे. आत असताना ती उलटली तरी आय-२०, म्हणजे कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद, चालू असेल आणि शिक्षण नियमाने चालू असेल तर राहणं बेकायदा होत नाही. सुट्टीला घरी आलात तर मात्र परतण्यासाठी नवा व्हिसा लागतो, आणि आय-२०वर कॉलेजची प्रवासाची सहीही ताजी हवी. पहिल्यांदा जाताना कोर्सच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी आत घेत नाहीत, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं म्हणून दीड महिना आधीचं काढू नका. पोहोचल्यावर दोन-चार दिवसांत आय-९४, म्हणजे देशात शिरल्याची सरकारी नोंद, ऑनलाइन काढून बघा. तिथे वर्ग एफ-१ आणि मुदतीच्या जागी तारखेऐवजी 'डी/एस', म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत, असं असतं. ही पद्धत बंद करून ठरावीक तारीख द्यावी असा प्रस्ताव तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२५मध्ये मांडला होता, म्हणून जुन्या मित्राच्या सांगण्यावर न जाता त्या वेळचा नियम बघा. मुलाखतीआधी सोशल मीडियाची खाती पब्लिक ठेवायचं फर्मान जून २०२५पासून आहे. मला ते अजिबात पटत नाही, पण माझ्या पटण्याला तिथे विचारतो कोण!

पैशांच्या बाबतीत सगळ्यांत काटेकोर वाटतं ते ब्रिटन. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. सलग म्हणजे सलग. मधल्या एका दिवशी कुणी विम्याचा हप्ता भरला आणि शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या दिवसापासून ३१ दिवसांच्या आतला हवा. खातं स्वतःचं किंवा आई-वडिलांचं चालतं, आई-वडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. काकांच्या खात्यात कितीही पैसे असले तरी ते कायदेशीर पालक नसतील तर उपयोग नाही. एकाच्या काकांना याचं फार वाईट वाटलं होतं, त्यांची समजूत काढायला मलाच बसावं लागलं.

त्या मानाने जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट मला सरळ वाटतं. वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे, मग महिन्याला ९९२ मिळत राहतात. पण पासपोर्टातला व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. घर मिळालं की पत्त्याची नोंद करायची आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्यासाठी तारीख घ्यायची. मोठ्या शहरांत ती मिळायला वेळ लागतो, तेव्हा आधी पडदे घेऊ, मग बघू, असं करू नका.

कागदांची फाइल केबिन बॅगेत ठेवायची हे सांगावं लागू नये, पण लागतं. प्रवेशपत्र, फी भरल्याची पावती, पैशांचे पुरावे, राहण्याचा पत्ता, सगळं छापील. फोन नेमका रांगेत बंद पडतो आणि इमिग्रेशनच्या हॉलमध्ये फोन वापरायला पुष्कळदा मनाई असते. "कुठला कोर्स, किती वर्षं, खर्च कोण करतंय?" एवढंच विचारतील. उत्तर फाइलमध्ये आहे तेच द्या, एजंटने पाठ करून घेतलेलं भाषण नको.

आणि तिकीट काढताना विमान मध्ये कुठे थांबतं ते बघा. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि तो कुणाला लागतो हे पासपोर्ट कुठल्या देशाचा त्यावर ठरतं. तो नसेल तर चेक-इनलाच अडवतात, कारण अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो. दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करणार असाल तर मधल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश आला. पैसे भरायच्या आधी हे एकदा तपासा.