कोथरूडच्या फ्लॅटमधलं नेटवर्क : टेलिफोनच्या पाइपातून कॅट-६

फ्लॅट जुना, नव्वदच्या दशकातला. भिंती विटांच्या, आणि कामाची खोली हॉलपासून पार दुसऱ्या टोकाला. नेट जोडायला आलेल्या मुलांनी फायबर खिडकीच्या फटीतून घेऊन ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते तो डबा, टीव्हीखाली ठेवला होता. तिथून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय सिग्नल पॅसेजपर्यंत ठीक यायचा, पुढे नुसतं नाव दिसायचं. म्हणून या घरासाठी एकच नियम धरलाय : जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर, वायफाय फक्त फोन आणि लॅपटॉपला. टीव्ही, डेस्कटॉप, एनएएस (घरच्या फाइली साठवणारा नेटवर्कवरचा डबा) आणि कामाच्या खोलीतला अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा) असे चार पॉइंट ठरले. रंग नुकताच झालेला, त्यामुळे भिंतीत झिरी मारणं नाही, आणि वरून केसिंगपट्टी शक्यतो नाही.

अशा बिल्डिंगमध्ये लँडलाइनसाठी भिंतीतून पाइप टाकलेले असतात, हे विसरलं जातं. प्रत्येक खोलीत जमिनीपासून वीतभर उंचीवर एक छोटी प्लेट दिसते, रंगाखाली अर्धी बुजलेली. ती उघडली की आत टेलिफोनची जुनी बारीक वायर. हे पाइप म्हणजे खजिना आहे, पण एक अडचण येते. टेलिफोनचे पॉइंट समांतर जोडायचे, त्यामुळे वायर हॉलमधून बेडरूममध्ये आणि तिथून पुढच्या खोलीत गेली तरी चालायचं. इथरनेटला, म्हणजे नेटवर्कच्या वायरजोडणीला, प्रत्येक पॉइंटची स्वतंत्र वायर एका जागी यावी लागते. म्हणून आधी एका टोकाची वायर हलवून दुसरीकडे कुठे हलते ते बघत पाइपांचा नकाशा काढला. सगळे पाइप पॅसेजमध्ये, माळ्याच्या खालच्या एका जंक्शन बॉक्समध्ये भेटतात असं निघालं. त्याच्यावरही रंगाचे थर होते. कटरने कडा कापून झाकण काढलं. नेटवर्कचं मूळ तिथेच, माळ्यावर, हे मग आपोआप ठरलं.

वायर ओढण्याचं काम वायरमन काकांबरोबर केलं. जुनी वायर काढताना तिच्या शेपटाला आधी नायलॉनची दोरी बांधली. वायर बाहेर आली तशी दोरी आत गेली. मग दोरीला कॅट-६, म्हणजे पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असलेली नेटवर्कची वायर. हा सांधा नीट बांधणं फार महत्त्वाचं. वरचं आवरण वीतभर सोलून चार जोड्या वेगवेगळ्या लांबीवर कापल्या, म्हणजे टोक निमुळतं होतं. लांब राहिलेल्या जोडीची कडी करून दोरी त्यात ओवली आणि वरून इन्सुलेशन टेप तिरका, घट्ट गुंडाळला. गाठ जाड झाली की पहिल्याच वळणावर अडकते. वायरला टाल्कम पावडर चोळली. काका जंक्शन बॉक्सकडून आत सारत होते, मी खोलीत दोरी धरून. “दादा, जोर लावू नका. मी ढकलतो तेवढीच घ्या,” असं ते सारखं बजावत होते, आणि ते अगदी बरोबर आहे. कॅट-६ ला साधारण ११ किलोच्या वर ताण द्यायचा नसतो. त्यापुढे आतल्या जोड्यांचे पीळ ताणले जातात आणि बाहेरून काहीच कळत नाही. वायरच्या जोडीने एक मोकळी दोरीही आत सोडून ठेवली आहे, पुढच्या वेळेसाठी.

वायर घेताना पूर्ण तांब्याचीच घ्या, हे कळकळीने सांगतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, हातात हलकी लागते, पण जॅकच्या खाचेत दाबून बसवताना (पंच करताना) तुटते आणि तिचा रोधही जास्त असतो. भिंतीत एकदा गेलेली वायर वर्षानुवर्षं राहणार आहे, तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

प्लेटवर कीस्टोन जॅक (भिंतीतले नेटवर्कचे सॉकेट) बसवले, तारांच्या रंगांचा क्रम दोन्ही टोकांना ५६८बी या ठरलेल्या पद्धतीचा. पीळ जेमतेम १३ मिलिमीटर उलगडायचा, जास्त नाही. स्वस्त टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले म्हणून मी थांबत नाही, कारण एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीतल्या तारेच्या जागी दोन्ही टोकांना सारखीच चुकून बसली असेल तर तो ते पकडत नाही. खरी परीक्षा आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची : गिगाबिट जोडणीवर ९४० एमबीपीएसच्या आसपास मिळालं पाहिजे. हॉलच्या पॉइंटवर तेवढं मिळालं. कामाच्या खोलीत मात्र जोडणी १०० एमबीपीएसवरच अडली. १०० ला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही, त्यामुळे संशय निळ्या आणि तपकिरी जोडीवर. जॅक उघडला तर तपकिरी तार खाचेत पुरती बसली नव्हती. पुन्हा पंच केली, आकडा लगेच वर गेला.

फायबरचं काम वेगळ्या जातीचं. खिडकीच्या फ्रेमपाशी ती काटकोनात दाबली गेली होती आणि ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २४ डीबीएम दिसत होती (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). घरोघरी येणाऱ्या फायबरच्या जीपॉन पद्धतीत साधारण उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे बंद पडलं नव्हतं, पण हाताशी फारसं काही शिल्लक नव्हतं. कंपनीच्या माणसाला बोलावून फायबर शाफ्टमधून माळ्यापर्यंत आणली आणि वळणं मोठी ठेवली. आता उणे २१ आहे. हिरवा कनेक्टर हिरव्यातच जातो. त्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घुसवू नये. आणि उघड्या टोकात डोकावून बघू नये, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

माळ्यावर सॉकेट नव्हता. काकांनी खालच्या बोर्डातून तो स्वतंत्र पाइपाने वर घेतला. टेलिफोनच्या पाइपात जागा होती, पण २३० व्होल्ट आणि डेटाची वायर एकत्र ठेवायची नाही. तिचं आवरण त्या दाबासाठी बनवलेलं नसतं. ओएनटी, राउटर आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्या वायरी जिथे जोडल्या जातात तो डबा) तिन्ही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून एकच मिनी यूपीएस पुरला. घेण्याआधी तिन्ही अडॅप्टरवर छापलेल्या अँपिअरची बेरीज करून पाहावी. बाहेर एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, त्यामुळे कंपनीच्या टोकाला बॅटरी असेल तर गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी नेट चालू राहतं. आमच्याकडे राहिलं.

बेडरूमचा पाइप बाकी आहे. वायर ओढायची स्प्रिंग दोन्ही बाजूंनी घातली, दोन्हीकडून एकाच जागी अडते, बहुतेक सिमेंटचा गोळा बसलाय. तिथे फोडाफोड करणार नाही. दाराच्या चौकटीला लागून पांढरी केसिंगपट्टी लावून तिथली वायर तेवढी वरून नेणार आहे. मागच्या भाडेकरूंच्या डिशची मेलेली कोॲक्स वायर अजून गच्चीवरून बाल्कनीत लोंबतेय. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून तीही या रविवारी उतरवतो.