आमची वाटचाल: कमी पिक्सेल, जास्त वेग

आमची कंपनी साध्या द्विमितीय गेमसाठी चित्रं पडद्यावर टाकणारा कोड लिहिते. गेमची कल्पना, पात्रं, संगीत हे सगळं क्लायंटचं. स्प्राइट, म्हणजे पात्राचं किंवा वस्तूचं छोटं चित्र, मेमरीतून उचलून ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेत पोचवायचा, एवढंच आमचं काम. एवढ्यावर कंपनी चालते का, असं लोक अजूनही विचारतात. चालते, कारण सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडाच जास्त वेळ मिळतो आणि त्यातही गेमचं बाकीचं सगळं बसवायचं असतं.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो आणि आमच्याकडे यायची ती दुरुस्तीची कामं. ‘गेम अडखळतो, जरा बघून द्या’ अशी. कोड उघडला की बहुतेक वेळा एकच प्रकार दिसे: प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळं फंक्शन बोलावलेलं. ते फंक्शन दर वेळी सीमा तपासणार, बिटमॅप (चित्राच्या पिक्सेलचा मेमरीतला साठा) कुलूपबंद करणार, एक रंग लिहिणार आणि कुलूप काढणार. 1920 गुणिले 1080 चा पडदा म्हणजे 20 लाखांहून जास्त पिक्सेल. आम्ही बिटमॅप एकदाच लॉक करायचो, ओळीचा पत्ता घ्यायचो आणि पुढे सरळ लिहीत जायचो. क्लिपिंगही, म्हणजे पडद्याबाहेर जाणारा भाग छाटणं, स्प्राइट काढण्याआधी एकदाच, आतल्या लूपमध्ये नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे लूपचा उलटा क्रम. बाहेर x (स्तंभ), आत y (ओळ). बिटमॅप मेमरीत ओळीओळीने मांडलेला असतो. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी साधारण 64 बाइटचा तुकडा कॅशेत, म्हणजे स्वतःजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आणतो, म्हणजे चार बाइटचे 16 पिक्सेल. आडवं चालत गेलं तर ते सोळाही कामी येतात. उभं उतरत गेलं तर दर पावलाला 7680 बाइटची उडी पडते आणि आणलेल्या तुकड्यातला एकच पिक्सेल वापरला जातो. कोडच्या दोन ओळींची अदलाबदल केली की गेम पळायला लागे. क्लायंटचा विश्वास बसत नसे, म्हणून आधीची आणि नंतरची मोजणी आम्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवायचो. मोजणी दाखवल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणायचं नाही, ही सवय तेव्हापासूनची.

तीच ती दुरुस्ती वारंवार करण्यापेक्षा तिची लायब्ररी, म्हणजे पुन्हा वापरता येणारा कोडचा संच, करावी, हे ओघानेच आलं. या विषयाला मोठी परंपरा आहे आणि तिचा आम्हाला अभिमान वाटतो. बिटब्लिट, म्हणजे चित्राचा चौकोनी भाग मेमरीत एका जागेहून दुसरीकडे नेण्याची क्रिया, डॅन इंगल्स यांनी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात 1975 साली घडवली. 1985 च्या अमिगा संगणकामध्ये त्या कामासाठी वेगळं हार्डवेअरच होतं. व्हीजीए या पीसीच्या जुन्या चित्रप्रणालीच्या 320 गुणिले 200 च्या मोडमध्ये 256 रंग मिळत आणि पूर्ण पडदा 64,000 बाइटमध्ये मावे. तिथे ओळीची सुरुवात शोधताना 320 ने गुणायचं टाळण्यासाठी प्रोग्रामर y चे बिट 8 आणि 6 घरं शिफ्ट करून, म्हणजे सरकवून, त्याची 256 पट आणि 64 पट काढत आणि बेरीज करत. आजच्या प्रोसेसरवर त्या युक्तीची गरज उरलेली नाही, पण त्यामागचा विचार आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतो.

लायब्ररीचा सगळ्यात चांगला भाग पारदर्शक पिक्सेलचा आहे, असं माझं मत. स्प्राइटच्या चौकटीतली बरीच जागा रिकामीच असते. ती प्रत्येक फ्रेमला पिक्सेलगणिक तपासण्याऐवजी आम्ही स्प्राइट आधीच तुकड्यांत साठवतो: इतके पिक्सेल सोडा, इतके जसेच्या तसे कॉपी करा, इतके मिसळा. अर्धपारदर्शक कडा मोजक्याच असतात, त्यामुळे गुणाकारही मोजकेच होतात. रंग आधीच अल्फाने (अपारदर्शकतेच्या प्रमाणाने) गुणून ठेवायचा, ही 1984 मध्ये पोर्टर आणि डफ या संगणक-चित्रांच्या अभ्यासकांनी मांडलेली रीत आम्ही पहिल्यापासून पाळली. एक गुणाकार वाचतोच, शिवाय चित्र लहानमोठं करताना कडेला काळपट रेघ उमटत नाही.

वेगवान कोड लिहिताना चूक कळून येत नाही, हा या धंद्यातला खरा धोका. म्हणून प्रत्येक क्रियेची एक साधी, संथ आवृत्तीही आम्ही ठेवतो. एका सूचनेत चार पिक्सेल हाताळणारा कोड आणि ही संथ आवृत्ती यांचं उत्तर प्रत्येक बाइटला जुळलं पाहिजे. रंगाची कमाल किंमत 255 असते; त्याने भागायचं टाळून शिफ्ट वापरला, म्हणजे 256 ने भागलं, की एखाद्या रंगात एकाचा फरक राहतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण थरावर थर चढले की पांढरा रंग मळकट होतो.

मग ग्राफिक्स कार्ड सगळीकडे आली. आता तुमची गरज काय, असं काहींनी स्पष्टच विचारलं. प्रश्न रास्त होता. पण कार्ड वेगवान असलं तरी त्याला हजार छोट्या स्प्राइटसाठी हजार वेगळे आदेश दिले की प्रोसेसरच दमतो. सगळी चित्रं एका मोठ्या टेक्स्चरवर (कार्डाच्या मेमरीतल्या चित्रावर) मांडून एकाच आदेशात पाठवायची, हे काम आम्ही हाती घेतलं आणि तो काळ निभावला.

खरी उभारी दिली ती छोट्या पडद्यांच्या हातात धरायच्या यंत्रांनी. 320 गुणिले 240 चा पडदा, पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे फ्रेमला 1,53,600 बाइट. पडद्याला जोडणाऱ्या, दर ठोक्याला एक बिट नेणाऱ्या 40 मेगाहर्ट्झच्या एसपीआय तारेवरून पूर्ण पडदा सेकंदाला फार तर 32 वेळा जातो. प्रोसेसर कितीही हुशारीने वापरा, तार तेवढीच. इथे जुनी विद्या पुन्हा लागली: पडद्याचा बदललेला चौकोनी भाग, म्हणजे चौकट, तेवढीच पाठवायची. 1990 च्या कमांडर कीन या गेममध्ये प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी बदललेल्या टाइलच (पडद्याचे छोटे चौकोनी तुकडे) नव्याने काढून पीसीवर पडदा सुरळीत सरकवला होता, त्याच जातीचा हा विचार. 32 गुणिले 32 चा स्प्राइट आठ पिक्सेल सरकला तर जुनी आणि नवी जागा मिळून 2560 बाइट होतात, पूर्ण पडद्याच्या साठाव्या हिश्श्याएवढे. असे दहा स्प्राइट हलले तरी सहावा हिस्साच लागतो.

सध्या आमचं काम या चौकटी एकत्र कधी करायच्या यावर चाललं आहे. प्रत्येक चौकटीआधी डिस्प्लेला तिच्या सीमा कळवाव्या लागतात, त्याचेही बाइट खर्च होतात. दोन चौकटी जवळ असतील तर मधली न बदललेली जागा पाठवणं कधी कधी स्वस्त पडतं, लांब असतील तर मुळीच नाही. हा हिशेब दर फ्रेमला करायचा आणि तो करण्यातच वेळ जाता कामा नये. एक आवृत्ती टाइलच्या जाळीवर चालते, दुसरी चौकटींची यादी सांभाळते. खूप गोळ्या उडणाऱ्या गेममध्ये जाळी पुढे आहे, कोड्यांच्या गेममध्ये यादी. दोन्ही ठेवून निवड गेम बनवणाऱ्याकडे सोपवावी, या बाजूला माझा कल आहे.