‘ओके’ची कुळकथा

दिवसातून किती वेळा आपण ‘ओके’ म्हणतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. परंतु हा शब्द मुळात एका थट्टेतून जन्मला, हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. १८३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बोस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापण्याची टूम निघाली होती, आणि ‘ऑल करेक्ट’मधला ‘ऑल’ ‘ओ’ने व ‘करेक्ट’ ‘के’ने सुरू करून ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ने २३ मार्च १८३९ रोजी ‘ओ. के.’ छापले. तशी बहुतेक आद्याक्षरे लवकरच विस्मरणात गेली. हे मात्र तरले, कारण १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहूक’ या त्यांच्या टोपणनावाशी त्याची सांगड घातली. (निवडणूक ते हरले, ही गोष्ट वेगळी.) ही सगळी साखळी ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वृत्तपत्रे धुंडाळून जुळवली.

मराठीत या शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. आईने फोनवर ‘क’वर जोर देऊन ‘ओक्के’ म्हटले, तर ती खूश असते. नुसते ‘ओके’ म्हणून फोन ठेवला, तर त्या दिवशी घरी वेळेवर पोहोचलेले बरे.