दक्षिण कोरियात स्काउटांचा जागतिक मेळावा म्हणजे जांबोरी भरली ते सेमानगुमचं मैदान पाहून आलो, आता अशा मेळाव्याला मुलं घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडं

सोलच्या सेंट्रल सिटी टर्मिनलवरून मैदानाजवळच्या बुआनला थेट बस मिळते, साधारण तीन तास लागतात. पुढे टॅक्सी. कोरियात गुगल मॅपवर विसंबू नका, नेव्हर (Naver) मॅप हे तिथलं ॲप घ्या आणि ठिकाणाचं नाव कोरियन लिपीत मोबाइलमध्ये ठेवा. टॅक्सीवाल्याला नुसतं 'जांबोरी' म्हटलं तरी कळतं.

2023 च्या ऑगस्टमध्ये 25 वी जागतिक स्काउट जांबोरी इथे भरली. 158 देशांतले सुमारे 43 हजार जण, बहुतेक शाळकरी वयाचे. उद्घाटनाच्याच रात्री शंभराहून अधिक जणांना उन्हाच्या त्रासामुळे उपचार घ्यावे लागले.

मैदान पाहिलं की कारण कळतं. 33.9 किलोमीटरचा बांध घालून समुद्र मागे हटवला आणि ही जमीन तयार झाली. लांबवर सपाट, खारवट, धड सावलीचं एक झाड नाही. कडेला बूट रुतला की वरचा वाळलेला पापुद्रा फुटतो आणि खालून करडा चिखल वर येतो. पावसाचं पाणी साचून राहतं, त्यावर डास आणि वर दमट हवा. पारा 35 च्या आसपास होता म्हटल्यावर नागपूरकर हसतील. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यामुळे नुसतं तापमान पाहून निर्णय घेऊ नका, आर्द्रताही पाहा.

मला जास्त खटकलं ते दुसरंच. आयोजन समितीला पाच सहअध्यक्ष होते. त्यांत तीन मंत्री. आदल्या वर्षीची रंगीत तालीम रद्द झाली होती, कारण कोविडचं दिलं गेलं. एवढ्या मोठ्या माणसांत 'आज कार्यक्रम बंद' हे कोणी म्हणायचं? शेवटी पथकांनीच ठरवलं. ब्रिटनचं सुमारे साडेचार हजारांचं पथक, सगळ्यांत मोठं, 5 ऑगस्टपासून सोलच्या हॉटेलांत हललं. सावली, जेवण, स्वच्छता आणि वैद्यकीय मदत या चारही बाबतींत मर्यादा ओलांडली गेली, असं त्यांच्या प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं. अमेरिका आणि सिंगापूरची पथकंही निघाली. मग खानून वादळ आलं आणि 8 ऑगस्टला हजारावर बस लावून सगळा तळच रिकामा करावा लागला.

आपण नाकं मुरडू नयेत. त्याच वर्षी 16 एप्रिलला खारघरच्या उघड्या मैदानात, महाराष्ट्र भूषण सोहळ्यात, उन्हाने माणसं दगावली ते माहीत आहे. आणि शाळेच्या मेळाव्यात पाहुणे यायचे म्हणून मुलांना तासभर 'विश्राम'मध्ये उभं करणारे आपणच. पाहुण्यांना उशीर होणार असेल तर रांगा मोडा आणि मुलांना सावलीत बसवा. पाहुणे रागावले तर रागावू देत.

पथक नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच लिहून ठेवावं: कोणत्या स्थितीत तळ सोडायचा, शेवटचा शब्द कोणाचा, पर्यायी मुक्काम कुठे, त्याचे पैसे कोणत्या खात्यातून. एक नाव, दोन नको. पालकसभेत हा कागद वाचून दाखवा.

शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे पोचल्या पोचल्या लांबची हाइक ठेवू नका. स्कार्फ सैल करायची परवानगी मागावी लागू नये. ओआरएसची पाकिटं संघनायकांकडेही द्या, सगळी तुमच्या सॅकमध्ये नकोत. कोरियात कोपऱ्यावरच्या दुकानात नुसत्या बर्फाने भरलेले कप मिळतात, फार कामाचे.

मूल असंबद्ध बोलायला लागलं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली तर उष्माघातच समजा. थर्मामीटर शोधत बसू नका. सावलीत आणा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, मान-काखेत बर्फ ठेवा आणि हे चालू असतानाच दुसऱ्याला फोन करायला लावा. कोरियात 119, आपल्याकडे 108. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पुढची जांबोरी 2027 मध्ये पोलंडला, ग्दान्स्कजवळच्या बेटावर आहे. तिथला उन्हाळा सौम्य म्हणून वरचा कागद टाळू नका. नाव नोंदवतानाच पथकप्रमुखांना विचारा: सावलीचे मंडप किती, दवाखाना तंबूंपासून किती लांब, आणि तळ सोडायचा अधिकार कोणाकडे? उत्तर ईमेलवर मागा.