रोजची भाकर

आजी चुलीपुढे बसून, पिठाच्या हातांनीच, डोळे मिटून म्हणायची, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली ही ओळ. त्यातल्या ‘रोजची’ या साध्या शब्दामागे केवढं कोडं आहे, हे मला ग्रीक शिकायला लागल्यावर कळलं.

मूळ ग्रीक विशेषण आहे ‘एपिऊसिओस’. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतली, ही प्रार्थना सोडली, तर जुन्या ग्रीकमध्ये तो शब्द जवळपास कुठेच नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन, त्याची तर ग्रीक रोजची भाषा, पण त्यालाही हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा असं वाटलं. ‘ऊसिया’ म्हणजे अस्तित्व; त्यावरून घेतलं तर जगण्यापुरती भाकर. ‘एपिऊसा’ म्हणजे येणारा दिवस. त्यावरून उद्याची भाकर. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने लूकात ‘रोजची’ ठेवलं आणि मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ केलं. एकच शब्द, दोन भाषांतरं!

इजिप्तमधल्या हवारा इथल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदावर, एका खर्चाच्या यादीत, हा शब्द सापडल्याचं 1889 मध्ये छापून आलं. पुढे तो कागदच हरवला. 1998 मध्ये येल विद्यापीठात सापडला तेव्हा दिसलं, की तिथे ‘एपिऊसिओस’ नव्हे, ‘एलाइऊ’ आहे. म्हणजे तेल!

मला ‘उद्याची’ हा अर्थ जास्त पटतो. आजी रात्री झाकून ठेवायची ती भाकरी सकाळच्या न्याहारीचीच असायची.