समोसा कट आणि त्यानंतर

रविवार, रात्री ११

आज माझे कुरळे केस कापून आले आणि चक्क क्लचर न लावता भाजी आणायला गेले.

मागच्या वेळी पार्लरमधल्या मुलीने केस धुऊन, ओले असतानाच कंगव्याने ताणून, खांद्याच्या रेषेत सपकन कापले होते. तिथे आरशात छान वाटलं. घरी पोचेपर्यंत वाळले, तर कानाच्या जेमतेम खाली! त्यात सगळे एकाच लांबीचे, म्हणजे टाळूवर चपटे आणि खाली फुललेले. आई म्हणाली, "समोसा झालाय गं." दोन महिने समोसा बांधून फिरले.

धाकटीने तेव्हा केमिस्ट्री झाडली होती: पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात म्हणून ओला केस ताणला जातो, वाळताना ते पुन्हा जुळतात आणि बट आपल्या वळणावर जाते. म्हणजे माझ्या केसांची खरी लांबी वाळल्यावरचीच. हे मला चौतिसाव्या वर्षी कळावं!

म्हणून आज धुऊन, वाळवून, तेल न लावता, कंगवा न फिरवता गेले. आधीच सांगितलं, कोरडेच कापा आणि विरळ करायची ती दातेरी कात्री नको. त्या कात्रीने बटांमध्ये आखूड तुकडे राहतात आणि पावसाळ्यात तेच पिंजारून उभे राहतात. बाईंनी मान डोलावली आणि एकेक बट उचलून, थोडं कापून, सोडून, कुठे बसते ते बघून मग पुढची घेतली. सव्वा तास लागला. मानेवरचे केस माझे जवळजवळ सरळ आणि कपाळाजवळचे स्प्रिंगसारखे, हेही त्यांनीच दाखवलं. गोल चेहरा म्हणून गालांजवळ फुगवटा नको, टाळूवर थोडे लेअर घेऊन उंची दिली. पुढची बट ताणली की नाकाच्या शेंड्यापर्यंत येते, सोडली की भुवईवर. मी "अजून आखूड" म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. बरं झालं.

शाळेत आई खोबरेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायची. तिचेही केस कुरळेच, पण कायम अंबाड्यात. आज मागून, पुढून बघितलं तिने, एक बट ओढून सोडली. मग विचारलं, "किती घेतले?"

सातशे, म्हटलं. (अठराशे.)